पंचावन्न आधी, चोवीस नंतर

चांदीचे सोल्डर निवडण्यासाठी तंत्रविद्यालयात तीन जणांची समिती नेमण्यात आली, तेव्हा त्या तिघांपैकी एकानेही आयुष्यात काही झाळलेले, म्हणजे सोल्डर वितळवून जोडलेले, नव्हते. नाही म्हणायला विभागप्रमुखांनी विद्यार्थी असताना एकदा प्रयत्न केला होता. त्यात सोल्डर होते तसेच राहिले आणि त्यांची डावी भुवई अर्धी गेली. तेवढ्या अनुभवावर ते समितीचे तज्ज्ञ सदस्य झाले. प्राचार्य अध्यक्ष होते, कारण ते सगळ्याच समित्यांचे अध्यक्ष असत. तिसरे सदस्य ग्रंथपाल होते. त्यांना का घेतले हे त्यांनाही माहीत नव्हते, पण चहा वेळेवर मिळत होता.

रसायनशास्त्राच्या बाईंना कुठला धातू किती उष्णतेला वितळतो हे तोंडपाठ होते. म्हणून त्यांना टिपणे घ्यायला बसवले होते. आणि ते सोल्डर ज्यांना प्रत्यक्ष लावायचे होते ते वर्कशॉपचे मिस्त्री दाराशी उभे होते, कारण खुर्च्या चारच होत्या.

काम तसे छोटे होते. दोन महिन्यांनी वरिष्ठ कार्यालयातून पाहुणे येणार होते. त्यांना दाखवायला एक छोटा, पण खरोखर चालणारा बॉयलर बनवायचा होता. दुधाच्या डब्याएवढे तांब्याचे नळकांडे, दोन्ही टोकांना चकत्या, त्या चकत्यांच्या भोकांत रोवलेल्या सात नळ्या आणि वर एक शिट्टी. आत पाणी, खाली आग. वाफ धरली की शिट्टी वाजणार, पाहुणे टाळ्या वाजवणार, असा कार्यक्रम होता.

मिस्त्रींच्या दृष्टीने मात्र त्या शिट्टीवर बरेच काही टांगलेले होते. कार्यशाळा अधीक्षकाचे पद अकरा वर्षे रिकामे होते आणि अकरा वर्षे ते काम मिस्त्रीच करत होते. निवृत्तीला पाच महिने उरले होते. प्राचार्य म्हणाले होते, "मिस्त्री, पाहुण्यांसमोर शिट्टी वाजू द्या, त्याच दिवशी तुमच्या फाइलवर सही करतो." मिस्त्रींनी अकरा वर्षांपूर्वी, फाइल पहिल्यांदा वर गेली त्याच आठवड्यात, एक पितळी पाटी कोरून ठेवली होती. वर 'कार्यशाळा अधीक्षक', खाली स्वतःचे नाव. ती घरी कपाटात, फडक्यात गुंडाळलेली होती. वर्कशॉपच्या दारावर तिच्यासाठी पाडलेल्या चार भोकांत आता कोळ्यांची तिसरी पिढी नांदत होती.

"तर दोन प्रकारचं सोल्डर आलंय," प्राचार्य म्हणाले. "एकात चांदी पंचावन्न टक्के, दुसऱ्यात चोवीस टक्के. दोन कशाला लागतात?"

"साहेब, सांधे दोनदा करायचे असतात," मिस्त्री दारातून म्हणाले. "आधी नळ्या, मग चकत्या. चोवीसवालं उशिरा वितळतं, ते आधी लावायचं. पंचावन्नवालं लवकर वितळतं, ते शेवटी. नाहीतर दुसरा सांधा तापवताना पहिला सुटतो."

मिस्त्रींचे बोलणे एकदम समजण्यासारखे होते आणि त्यामुळे सगळेच अस्वस्थ झाले.

"म्हणजे चोवीसला आधी आणि पंचावन्नला मागनं?" विभागप्रमुख म्हणाले. "चांदी कुणात जास्त आहे?"

"पंचावन्नमध्ये."

"मग दर्जानं कोण वर?"

"दर्जाचा प्रश्न नाही साहेब, उष्णतेचा..."

"मिस्त्री, या संस्थेत प्रत्येक गोष्ट सेवाज्येष्ठतेनं होते. खुर्च्या तशा मांडतो, फोटोत तसे उभे राहतो, जिन्यानं तसे उतरतो. उद्या पाहुण्यांनी विचारलं, की पंचावन्न टक्केवाला बसून असताना चोवीस टक्केवाल्याला आधी कसं घेतलं, तर उत्तर कोण देणार?"

"ते बरोबर सांगताहेत," बाई वहीतून मान वर करून म्हणाल्या. "चोवीस टक्क्यांचं वितळायला शंभर अंश तरी जास्त..."

"बाई, तुम्ही लिहा फक्त," प्राचार्य म्हणाले.

"हेही लिहू?"

"हे सोडून लिहा."

ग्रंथपालांचे मत विचारण्यात आले. त्यांनी दुसरे बिस्कीट मिळेल का असे विचारले. तो पाठिंबा समजण्यात आला. ठराव क्रमांक तीन एकमताने मंजूर झाला: 'पंचावन्न आधी, चोवीस नंतर.'

संध्याकाळी मिस्त्रींनी हे घरी सांगितले तेव्हा त्यांची बायको कणीक मळत होती.

"तो अर्ध्या भुवईचा म्हणाला असं?" ती म्हणाली.

"तोच."

"तुमच्याच वर्कशॉपात शिकला ना तो?"

"हो."

"प्रॅक्टिकलला पास कुणी केलं त्याला?"

"मी."

"का?"

"भुवई जळली होती गं. वाईट वाटलं."

"आता बघा, कुणाला कुणाचं वाईट वाटतंय ते," असे म्हणून तिने कणकेला असा गुद्दा मारला की परात दोन बोटे सरकली.

मिस्त्री एकतीस वर्षे तांबे तापवत आले होते. हातांना ठराव वाचता येत नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी नळ्या चकत्यांत बसवल्या, सोल्डर नीट धरावे म्हणून टाकणखार लावला, सोल्डर जिथे पसरायला नको तिथे पेन्सिल घासली, आणि हात आपोआप चोवीसच्या सळईकडे गेला. नळ्या पक्क्या झाल्या. मग पंचावन्नने चकत्या नळकांड्याला बसवल्या. सोल्डर सांध्याभोवती असे सरसर पळाले की मिस्त्रींनी एकदा उगाचच आजूबाजूला पाहिले, कुणी बघतेय का. कुणी बघत नव्हते. आठ दिवसांत बॉयलर तयार झाला. हातपंपाने आत पाणी भरून दुप्पट दाब दिला. अर्धा तास थांबले. एक थेंब आला नाही.

ते बॉयलर दोन्ही हातांत धरून विभागप्रमुखांकडे गेले.

"वा!" विभागप्रमुख म्हणाले. "कुठलं आधी लावलंत?"

इथे दुसरा कुणी असता तर खोटे बोलला असता. मिस्त्रींनी एकतीस वर्षांत हजारो गोष्टी शिकवल्या होत्या, पण ही कला शिकायला त्यांना वेळ झाला नव्हता.

"चोवीस," ते म्हणाले.

"ठरावाविरुद्ध?"

"पण गळत नाही साहेब. दुप्पट दाब दिला. बघा, कोरडा ठाक आहे."

"गळत नाही हा मुद्दाच नाही. असं प्रत्येकजण न गळणारं करायला लागला तर समित्या कशाला हव्यात?"

"मग काय करू?"

"ठरावाप्रमाणे नवा करा. हा नियमबाह्य आहे, जमा करा."

आणि तो बॉयलर विद्यार्थ्यांकडून जप्त केलेल्या वस्तूंच्या कपाटात गेला. त्याच्या एका बाजूला सात मोबाइल होते, दुसऱ्या बाजूला एक बासरी. कपाटाला कुलूप लागले. किल्ली विभागप्रमुखांच्या खिशात गेली.

मिस्त्रींनी दुसरा बॉयलर ठरावाप्रमाणे केला. आधी पंचावन्न. नळ्या सुरेख बसल्या. मग चोवीसची सळई घेऊन चकती तापवायला सुरुवात केली. तांबे लाल झाले, आणखी लाल झाले, सळई कशीबशी ओघळायला लागली, आणि तेवढ्यात आतून टण् असा आवाज आला. मग पुन्हा टण्. सातही नळ्या खालच्या भोकांतून घसरून ट्रेमध्ये पडल्या.

"नळ्या सुटल्या साहेब," मिस्त्रींनी जाऊन सांगितले.

"मन लावून केलं नसेल."

"मन लावून केलं म्हणूनच सुटल्या."

"आच कमी ठेवा."

"आच कमी ठेवली तर चोवीस वितळत नाही."

"मग मध्यम ठेवा," विभागप्रमुख म्हणाले आणि फोनकडे वळले. त्यांच्या सगळ्या सूचना अशाच असत. त्या कुणालाच पाळता येत नसत, पण नाकारताही येत नसत.

मध्यम आचेवर तिसरा बॉयलर केला. मध्यम आचेवर पंचावन्न व्यवस्थित सुटले आणि चोवीस व्यवस्थित चिकटले नाही. दोन्ही बाजूंना समान न्याय मिळाला. आता फक्त एका बॉयलरपुरते तांबे उरले होते, आणि पाहुणे यायला चार दिवस.

मिस्त्रींनी शेवटचा प्रयत्न केला. "साहेब, तो कपाटातला जवळ ठेवू या. काही झालं तर शिट्टी त्याची वाजवू."

"दोन बॉयलर दिसले तर पाहुणे विचारतील, दुसरा कशाला."

"पहिला चालत नाही म्हणून, असं सांगू."

विभागप्रमुखांनी उरलेली दीड भुवई वर केली. काम वेळेत पुरे होत नाही हे पाहून त्यांना एक कल्पना सुचली, आणि त्यांना कल्पना सुचली की वर्कशॉपमध्ये काहीतरी मोडत असे. शेवटचा सांधा शिल्लक ठेवायचा. तो पाहुण्यांच्या हस्ते करायचा. फिती काय, सगळेच कापतात. इथे पाहुणे स्वतः चांदी लावतील, मग लगेच पाणी भरू, शिट्टी वाजवू, फोटो काढू.

"साहेब, नळ्या पडतील," मिस्त्री म्हणाले. ही तिसरी वेळ होती. चौथ्यांदा सांगायचे नाही असे त्यांनी घरी येताना जिन्यात ठरवले.

"मग तुम्ही आजारी पडा त्या दिवशी," बायको म्हणाली.

"आणि फाइल?"

"शिट्टी वाजणारच नाही म्हणताय ना?"

"नाही वाजणार."

"मग आजारी पडलात काय आणि उभे राहिलात काय."

"उभं राहतो," मिस्त्री म्हणाले. "नळ्या पायावर पडायला नकोत कुणाच्या."

पाहुणे आले. उंच, थकलेले गृहस्थ होते. त्यांना चष्मा, हातमोजे आणि एक एप्रन चढवण्यात आला. एप्रन आखूड होता, म्हणून फोटो कमरेच्या वरून घ्यायचे ठरले. मिस्त्रींनी बर्नर पेटवला. दोन विटांवर बॉयलर, खाली लोखंडी ट्रे. पाहुण्यांच्या हातात चोवीसची सळई. प्राचार्य उजवीकडे, विभागप्रमुख डावीकडे, ग्रंथपाल बिस्किटांजवळ. बाई वही घेऊन मागे.

तांबे लाल झाले. पाहुण्यांनी सळई टेकवली. सोल्डर ओघळले, सांध्यात शिरले, चकाकले. पाहुण्यांच्या चेहऱ्यावर, बहुधा कित्येक वर्षांनी, काहीतरी स्वतः केल्याचे हसू आले. टाळ्या पडल्या.

टण्.

टाळ्या थांबल्या.

टण्. टण्. मग थोडा वेळ काही नाही. प्राचार्यांनी सुटकेचा श्वास सोडला. तो अर्धा बाहेर आला असताना उरलेल्या चार नळ्या एकामागोमाग एक पडल्या. शेवटची ट्रेमध्ये सावकाश गोल फिरत राहिली आणि मग थांबली.

"हे काय झालं?" पाहुण्यांनी विचारले.

प्राचार्यांनी विभागप्रमुखांकडे पाहिले. विभागप्रमुखांनी मिस्त्रींकडे पाहिले. मिस्त्रींच्या मागे भिंत होती.

"साहेब," मिस्त्री म्हणाले, "आधी पंचावन्न लावलं आणि नंतर चोवीस. चोवीस वितळेपर्यंत तापवलं, तोवर पंचावन्न कधीच सुटलं होतं. क्रम उलटा झाला."

पाहुणे ट्रेकडे बघत राहिले. मग त्यांनी चष्मा काढला. डोळे चमकत होते.

"हे तुम्ही मुद्दाम दाखवलंत?"

एक सेकंद गेला. खरे म्हणजे अर्धाच.

"अर्थात साहेब," विभागप्रमुख म्हणाले. "चूक डोळ्यांसमोर घडवून शिकवायची, अशी पद्धत आहे आमची. माझीच कल्पना."

"वा!" पाहुणे म्हणाले. "या महिन्यात चार संस्थांत गेलो. चारही ठिकाणी शिट्टी ऐकवली. डोकं उठलं होतं. नळ्या पाडून दाखवणारे तुम्ही पहिलेच. या वर्कशॉपचे अधीक्षक कोण?"

"पद रिक्त आहे," प्राचार्य म्हणाले.

"रिक्त? असा माणूस हाताशी असताना?" असे म्हणून पाहुण्यांनी विभागप्रमुखांच्या खांद्यावर हात ठेवला. हातमोजा अजून गरम होता. विभागप्रमुखांनी तोही आनंदाने सोसला.

अकरा वर्षे पडून असलेल्या फाइलवर त्याच दुपारी सही झाली. फक्त नाव बदलले. मिस्त्री प्राचार्यांच्या टेबलासमोर उभे राहिले तेव्हा प्राचार्यांनी अगदी मायेने विचारले, "मिस्त्री, अट शिट्टीची होती ना? वाजली का?"

"नाही साहेब."

"मग?"

मिस्त्री वर्कशॉपमध्ये आले आणि त्यांनी सातही नळ्या पुसून रांगेत ठेवल्या. त्या लांबीला सारख्याच होत्या, त्यामुळे ज्येष्ठतेचा प्रश्न आला नाही.

निवृत्तीच्या आठवड्यात नव्या अधीक्षकांनी त्यांना बोलावले. "मिस्त्री, जाण्याआधी एक पाटी करून द्या. पितळी. पण दारावर नको. दार उघडं असलं की पाटी भिंतीकडे तोंड करते. पाहुणे बघतात भट्टीकडे. तर भट्टीच्या तोंडावर लावा."

"तिथं तापतं साहेब."

"पितळ वितळतं का तिथं?"

"पितळ नाही वितळत."

"मग झालं तर."

"पाटी आहे माझ्याकडे तयार. पद कोरलेलंच आहे. खालच्या नावावर तुमच्या नावाची पट्टी झाळून देतो. सोल्डर कुठलं वापरू? समिती बोलावताय?"

"पाटीला कसली समिती? तुम्हीच ठरवा."

"तेवढं लेखी मिळालं तर बरं होईल."

बाईंनी त्याच वहीत, ठराव क्रमांक तीनच्या खालोखाल, लिहिले: 'सोल्डरची निवड मिस्त्री करतील.' एकतीस वर्षांत त्यांच्या निवडीचा उल्लेख पहिल्यांदाच कागदावर आला. बाईंनी त्याखाली रेघ मारली. ती थोडी जाडच मारली.

मिस्त्रींनी पाटी घरीच केली. कपाटातून काढली, फडके सोडले. अकरा वर्षांत बायकोने ती दर चार-सहा महिन्यांनी घासली होती, त्यामुळे तिला काळे पडायला वेळच मिळाला नव्हता. मिस्त्रींनी स्वतःच्या नावाच्या अक्षरांभोवती, अगदी कडेकडेने, पेन्सिल घासायला सुरुवात केली.

"हे काय गिरवताय?" बायकोने विचारले.

"पेन्सिल घासली की तिथं सोल्डर धरत नाही."

"आणि अक्षरांत?"

"अक्षरांत नवसागर लावतो. तिथं पक्कं धरेल."

"चांदीचं?"

"छे. चांदी कशाला त्याला. साधं कथील." त्यांनी दिव्याखाली पाटी तिरपी धरून पाहिली. "भट्टीच्या तोंडाशी टिकणार नाही, पण मला ठरवायला सांगितलंय."

बायकोने वाकून पाटी पाहिली. मग म्हणाली, "चहा टाकते." सहसा ती त्या वेळी चहा टाकत नसे.

मिस्त्री निवृत्त झाले. निरोपाला भिंतीवरचे घड्याळ मिळाले. समितीने निवडले होते. सेकंदाचा काटा नव्हता. वर्कशॉपची भट्टी मिस्त्रींनंतर कुणी पेटवली नाही, कारण ती कशी पेटवायची हे ज्याला माहीत होते तो घड्याळ घेऊन घरी गेला होता. नऊ महिने अधीक्षकांचे नाव गार भट्टीवर झळकत राहिले.

मग एके दिवशी दुपारी बारा वाजता फोन आला. बाई होत्या.

"मिस्त्री, पाहुणे आलेत पुन्हा. नळ्या पाडून दाखवा म्हणाले, म्हणून आज भट्टीसुद्धा पेटवली. कशीबशी."

"किती वाजता?"

"अकराला."

"मग साडेअकराला पडली असेल पट्टी."

"अकरा पस्तीसला."

"पाच मिनिटं उशीर," मिस्त्री म्हणाले. "कथील जरा जाड लागलं असणार."

"पाहुण्यांच्या पुढ्यातच पडली. टण् करून. ते म्हणाले, हेही मुद्दाम का? साहेब म्हणाले, हो." बाई हसत असाव्यात, पण स्टाफरूममधून बोलत होत्या. "तुमच्या अक्षरांत कथील भरलंय. पिवळ्यावर पांढरं. आता पार दारातून वाचता येतं."

"मग पुन्हा झाळणार असतील पट्टी."

"झाळणार ना. कुठलं सोल्डर घ्यायचं यावर समिती नेमलीय आत्ताच. ग्रंथपालही आहेत."

"आणि तोवर?"

"तोवर पाटी काढायची नाही असं ठरलंय. काढायचा अधिकार अधीक्षकांना, आणि पाटीवर नाव तुमचं."

मिस्त्रींनी फोन ठेवला. बायको दारात उभी होती.

"काय झालं?"

"अधीक्षक झालो," मिस्त्री म्हणाले.

"कधी?"

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. ते सकाळपासून बंद पडलेले होते.

"अकरा पस्तीसला."